मोठ्या ऑपरेशनला पाच लाख, महिन्याच्या गोळ्यांना शून्य

आमच्या गल्लीत म्हातारपणाचे चार भाव आहेत. वय सारखंच, गुडघे सारखेच दुखतात, साखरही बहुतेकांना आहे. पण माणूस साठीला कोणत्या फाटकातून बाहेर पडला, त्यावर त्याची पुढची वीस वर्षं कशी जाणार ते ठरलेलं असतं.

नशिराबाद महामार्गावरचं गाव. एका हाताला जळगाव, दुसऱ्या हाताला भुसावळ. त्यामुळे इथली माणसं शेतीइतकीच नोकरीवरही जगली. भुसावळची रेल्वे, तिथली आयुध निर्माणी, पुढे वरणगावची दुसरी आयुध निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र. इकडे जळगावात एसटी, एमआयडीसीतल्या डाळमिली, चटईचे कारखाने, पाइपच्या कंपन्या. गावालगत सिमेंटचा कारखाना. कोणी जिल्हा परिषदेत मास्तर. उरलेले शेतात, आणि त्यातले बरेच दुसऱ्याच्या शेतात.

मी डाकखात्यात होतो, उपडाकपाल म्हणून निवृत्त झालो. लोक अजून ‘मास्तर’ म्हणतात. नोव्हेंबर लागला की माझ्या ओट्यावर पेन्शनवाल्यांची गर्दी होते, कारण हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून निघतो आणि तो कसा काढायचा हे मला येतं. तेवढ्यासाठी कोणी बँकेत खेटे घालायचे? माणूस उन्हाकडे तोंड करून बसतो, डोळे मिचकावतो, मोबाइल म्हणतो जिवंत आहे. मग चहा होतो आणि गप्पा पेन्शनच्या आकड्यावर येतात. त्या गप्पांतून मला सरकारी कागदांपेक्षा जास्त कळलं आहे.

पहिला भाव माझा आणि रेल्वेवाल्यांचा, आयुध निर्माणीवाल्यांचा. केंद्र सरकारचं जुनं पेन्शन. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं, आणि त्यावर जानेवारी-जुलैला महागाईची वाढ. ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५०, आणि शंभरी गाठलीच तर पेन्शन दुप्पट. हा नियम ज्याने लिहिला त्याला म्हातारपण माहीत असणार. वय वाढतं तसा खर्च वाढतो, हे त्याने आकड्यात मांडलं. शिवाय ज्या भागात केंद्राच्या सीजीएचएस दवाखान्यांची सोय नाही, तिथल्या आम्हा पेन्शनरांना औषधपाण्यासाठी दरमहा १,००० रुपये ठोक मिळतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा भाव जिल्हा परिषदेच्या मास्तरांचा आणि राज्य सरकारच्या नोकरांचा. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना आमच्यासारखंच जुनं पेन्शन. नंतर लागलेल्यांनाही तेच मिळावं म्हणून मार्च २०२३ मध्ये मोठा संप झाला, तो सगळ्यांना आठवत असेल. त्या संपाची बातमी आठवडाभर पहिल्या पानावर होती. त्यावर इथे जास्त लिहीत नाही, कारण त्यांच्याकडे संघटना आहे, आवाज आहे आणि त्यांचं ऐकलं जातं.

तिसरा भाव तात्यांचा. तात्या एसटीत ड्रायव्हर होते. अजिंठ्याचा घाट उन्हाळ्यात-पावसाळ्यात किती वेळा चढले-उतरले, त्याची गणती नाही. २०१३ साली निवृत्त झाले. त्यांचं पेन्शन म्हणजे कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५, लोकांच्या तोंडी ईपीएस-९५. एसटी, साखर कारखाना, सूतगिरणी, सहकारी बँक, खासगी कंपनी, सगळ्यांना हीच योजना. तिचं गणित एकदा समजून घेण्यासारखं आहे, कारण ज्यांना हे पेन्शन मिळतं त्यांतल्या फार थोड्यांना ते कोणी समजावलं आहे.

मालक भविष्य निर्वाह निधीत जो हिस्सा भरतो, त्यातले पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात. पण पगार म्हणजे खरा पगार नव्हे, कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपर्यंतचा पगार. ती मर्यादा २००१ पासून ६,५०० रुपये होती, सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. पेन्शन काढताना हा मर्यादित पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. योजना नोव्हेंबर १९९५ पासूनची, म्हणून तात्यांची धरलेली वर्षं अठरा. ६,५०० गुणिले १८ भागिले ७०: १,६७१ रुपये. १९९५ च्या आधीच्या नोकरीचे थोडे पैसे वर मिळतात. हातात येतात साधारण दोन हजार. २०१३ साली तेवढेच येत होते, आजही तेवढेच येतात. या योजनेत महागाई भत्ता नावाची गोष्ट नाही.

सप्टेंबर २०१४ पासून सरकारने किमान पेन्शन १,००० रुपये केलं. तात्यांना आधीच त्याहून जास्त होतं, म्हणून त्यांना काही मिळालं नाही. ज्यांना मिळालं त्यांचे ते हजार महागाईच्या निर्देशांकाने मोजले तर आज साधारण सहाशेच्या मोलाचे उरले आहेत. आता तो मघाचा आकडा आठवा. मला नुसता औषधाचा भत्ता म्हणून जे मिळतं, तेवढं या योजनेतल्या माणसाचं अख्खं किमान पेन्शन आहे. विधवेलाही तोच किमान आकडा.

चौथा भाव आमच्या पलीकडच्या घरातल्या मावशींचा. नवरा शेतमजूर, त्या चटईच्या कारखान्यात रोजाने. दोघांच्याही हातात कधी पगाराची पावती आली नाही. त्यांना श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचे १,५०० रुपये मिळतात. ६०० चे १,००० आणि १,००० चे १,५०० व्हायला बरीच वर्षं गेली, पण झाले. केंद्राची वृद्धापकाळ योजना मात्र साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला अजून महिन्याला २०० रुपयेच देते. हा दोनशेचा आकडा २००७ पासून हललेला नाही.

आता गंमत बघा, गंमत म्हणायची तर. श्रावणबाळसाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. तात्यांचे दोन हजार गुणिले बारा म्हणजे २४,०००. तेव्हा आयुष्यभर सरकारी महामंडळाची बस चालवून, पेन्शनचे पैसे कापले जाऊन, तात्या ‘सधन’ ठरतात आणि पंधराशेला मुकतात. तात्यांना हे मी समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले.

याच २१,००० च्या मर्यादेचा दुसरा फटका बायकांना बसतो, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली. महिना १,५०० रुपये, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, वय २१ ते ६५. म्हणजे ज्या घराचं उत्पन्न लाखभर आहे, त्या घरातल्या बाईला चौसष्टाव्या वर्षी पंधराशे मिळतात. पासष्ट पूर्ण झाली, हातपाय थकले, कमाई थांबली, की ते बंद. पुढे श्रावणबाळ आहे, पण तिथे मर्यादा अडीच लाखांवरून एकवीस हजारांवर येते. दोन्ही योजना एकाच राज्याच्या. गरज वाढते त्या वाढदिवशीच पैसे थांबतात, आणि थांबवणाऱ्या दोन खात्यांपैकी कोणीही वाईट वागलेलं नसतं. फक्त दोन कागद कोणी शेजारी ठेवून वाचले नाहीत.

नेपाळ आपल्याहून गरीब देश. तिथे १९९५ च्या सुमारापासून वृद्धभत्ता आहे, आणि अडुसष्ट वर्षांच्या माणसाला आज महिना ४,००० नेपाळी रुपये, म्हणजे आपले २,५०० मिळतात. बाकी कुठलं सरकारी पेन्शन नाही ना, एवढं बघतात. उत्पन्नाचा दाखला, तलाठी, सेतू, असली वारी नाही.

ईपीएसवाले गप्प बसलेले नाहीत. शेजारच्या बुलढाण्यात, जिल्हाधिकारी कचेरीसमोर, २४ डिसेंबर २०१८ पासून त्यांचं साखळी उपोषण सुरू झालं. मागणी महिना किमान ७,५०० रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि नवरा-बायको दोघांना मोफत उपचार. सत्तरी ओलांडलेली माणसं आळीपाळीने मंडपात बसली. आणि हा विषय सरकारला नवीन आहे असंही नाही. २०१३ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने किमान ३,००० रुपये आणि महागाई भत्ता देण्याची शिफारस केली होती. त्या समितीचे अध्यक्ष होते भगतसिंग कोश्यारी. सहा वर्षांनी तेच महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. समितीचा अहवाल आहे तिथेच राहिला.

सरकारची बाजूही सांगायला हवी. पेन्शन निधीत जमा होणाऱ्या पैशांच्या मानाने देणी जास्त आहेत, असं दरवर्षीचा हिशेब सांगतो. किमान हजारासाठीसुद्धा सरकारला तिजोरीतून भर घालावी लागते. पाऊण कोटीहून जास्त पेन्शनर आहेत. आकडा वाढवायचा म्हणजे बोजा वाढणार, हे खरंच. पण १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने आपल्या नोकरांसाठी जी एकीकृत पेन्शन योजना आणली, तिच्यात दहा वर्षांच्या नोकरीला किमान १०,००० रुपयांची हमी आहे आणि वर महागाईची वाढ आहे. त्या हमीलाही पैसा तिजोरीतूनच जाणार. मला तिचं वाईट वाटत नाही, मिळावीच. पण एकाच देशात किमान पेन्शन एका फाटकाला दहा हजार आणि दुसऱ्या फाटकाला एक हजार असेल, तर ‘पैसे नाहीत’ हे उत्तर अर्धवट आहे. पैसे कोणासाठी काढायचे, हा निवडीचा प्रश्न आहे.

आता आजारपण.

इथे मला आधी चांगलं सांगितलं पाहिजे, कारण चांगलं झालंही आहे. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत जी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तीच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. तिचं दीड लाखाचं कवच वाढून पाच लाख झालं आणि जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं असा रेशनकार्डाचा भेद गेला. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या वरच्या कोणालाही, उत्पन्न न विचारता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांचं कवच मिळू लागलं. पूर्वी बायपास म्हणजे शेत विकणं, असं आमच्याकडे सरळ समीकरण होतं. ते मोडलं. मी स्वतः गल्लीतल्या कितीतरी जणांची कार्डं मोबाइलवर काढून दिली.

काढताना एक अडचण हटकून येते. वय आधारकार्डावरचं धरतात, आणि आमच्या पिढीच्या आधारवर जन्मतारीख अंदाजे टाकलेली आहे, बहुतेकांची १ जानेवारी. खरे बहात्तरचे आजोबा कागदावर सहासष्टचे. शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही. ज्यांचे आईवडील पासष्टच्या पुढे आहेत त्यांनी ही दुरुस्ती आजारपण येण्याआधी करून ठेवावी. दवाखान्याच्या दारात ती होत नाही.

पण ही कार्डं कशासाठी? दवाखान्यात भरती झाल्यावरच्या खर्चासाठी. घरी बसून रोज ज्या गोळ्या घ्यायच्या, त्यांना यात जागा नाही. भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि सुट्टी झाल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढीच औषधं त्यात येतात. सोळाव्या दिवसापासून पुन्हा आपली पिशवी आणि मेडिकलवरची उधारीची वही.

तात्यांना रक्तदाब आहे, साखर आहे आणि एकदा छातीत दुखल्यापासून रक्त पातळ करण्याची गोळी आहे. महिन्याचं औषध त्यांच्या पेन्शनच्या अर्ध्याहून जास्त खातं. मग ते काय करतात? महिना अखेरीस साखरेची गोळी एक दिवसाआड. मुलाकडे मागायला जीव धजत नाही, कारण मुलगा जळगावला कंत्राटी कामाला, त्याच्या दोन पोरांच्या फिया. आमच्या गल्लीत गोळी अर्धी करून घेणारे तात्या एकटे नाहीत. बायका तर आधी नवऱ्याची गोळी आणतात, मग उरलं तर स्वतःची.

दाबाची गोळी चुकत राहिली की पुढे काय होतं हे डॉक्टरांना विचारायला नको. लकवा, नाहीतर किडनी. आणि लकवा झाला, डायलिसिस लागलं, की मग पाच लाखांची योजना धावून येते. डायलिसिसचे पैसे सरकार भरतं, डायलिसिस टाळणाऱ्या गोळीचे भरत नाही. तात्या एका वाक्यात बोलले होते: “मास्तर, आजारी पडाले पाच लाख, अन् बरं राह्याले काही नाही भो!” मी धोरणावरचे पुष्कळ लेख वाचले, या वाक्याच्या पुढे गेलेला एकही आठवत नाही.

सरकारी दवाखान्यात दाबाच्या आणि साखरेच्या साध्या गोळ्या फुकट मिळतात, हे खरं आहे. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. ज्याला तिथे जाऊन गोळ्या घेणं जमतं त्याने लाज न धरता घ्याव्यात. मी स्वतः सांगतो सगळ्यांना. पण साठा कधी असतो, कधी नसतो, ही तक्रार राज्यभर ऐकू येते. शिवाय दोन-तीन आजार एकत्र असलेल्या म्हाताऱ्याची चिठ्ठी लांब असते. त्यातली दोन औषधं तिथे मिळतात, चार बाहेरून आणावी लागतात. जनऔषधी दुकानांत तीच औषधं ब्रँडच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, पण ते दुकान गावात हवं, आणि म्हाताऱ्या माणसाला मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत बसने शहर गाठावं लागता कामा नये. भारतात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला अजूनही सुमारे ३९ टक्के खर्च लोक थेट खिशातून करतात, असं २०२१-२२ चा सरकारी हिशेब सांगतो. त्यातला केवढा वाटा मेडिकलच्या काउंटरवर जातो, ते प्रत्येक घराला ठाऊक आहे.

थायलंडने २००२ साली सगळ्या नागरिकांसाठी जी आरोग्य योजना आणली, तिच्यात भरतीबरोबर बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधंही धरली. तो देश तेव्हा काही श्रीमंत नव्हता.

माझ्याकडे यावर एक सूचना आहे, आणि ती जुन्या धंद्यातून आली आहे. देशात दीड लाखाहून जास्त डाकघरं आहेत, त्यातली बहुतेक खेड्यांत. निराधारांची मनीऑर्डर पोस्टमन घरी नेऊन हातात ठेवायचा, ते मी वर्षानुवर्षं पाहिलं. मग पासष्टच्या वरच्या माणसाला सरकारी डॉक्टरने वर्षातून दोनदा तपासून ठरवून दिलेल्या गोळ्यांचं महिन्याचं पाकीट त्याच पोस्टमनने का पोचवू नये? दाब, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, रक्त पातळ करण्याची गोळी, दम्याचा पंप. यादी फार मोठी होत नाही, आणि सगळी औषधं जुनी, पेटंट संपलेली, घाऊक घेतली तर स्वस्त. पोस्टमन आला की म्हातारा जिवंत आहे हेही आपोआप कळतं. नोव्हेंबरातला दाखला वेगळा काढायला नको.

खासगी विम्याबद्दल थोडक्यात. २०२४ मध्ये विमा नियामकाने पासष्टनंतर नवी पॉलिसी न देण्याची अट काढली, जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढ विचारल्याशिवाय करायची नाही असं बजावलं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला. चांगलं झालं. दोन हजार पेन्शनवाल्याला याचा काही उपयोग नाही.

आता जमवलेल्या पैशांचं. आमच्या जिल्ह्याने या बाबतीत जे भोगलं ते महाराष्ट्रात फार थोड्या जिल्ह्यांनी भोगलं असेल.

निवृत्त होताना माणसाच्या हातात आयुष्यात एकदाच मोठी रक्कम येते: भविष्य निधी, उपदान, रजेचे पैसे. ती घेऊन तो माझ्या खिडकीवर यायचा, व्याजदर विचारायचा, मान हलवायचा आणि पतसंस्थेत जायचा. तिथे दोन-तीन टक्के जास्त मिळायचे. त्याला नुसता हव्यास म्हणणं सोपं आहे, मी म्हणणार नाही. पतसंस्थेचा संचालक ओळखीचा, बहुतेकदा जातीतला, लग्नात पहिल्या पंगतीत बसणारा. एजंट घरी येऊन पैसे नेई. व्याज दर महिन्याला मिळे. पोरीच्या लग्नाला ठेवीवर चार दिवसांत कर्ज मिळे. आणि आमच्याकडची ज्येष्ठ नागरिक बचत योजना? व्याज चांगलं, सरकारची हमी, पण मिळतं तीन महिन्यांनी. ज्याला पेन्शनच नाही त्याने किराणा तीन महिन्यांनी भरायचा का?

२००७ च्या सुमाराला जिल्ह्यात एकामागून एक पतसंस्था अडकल्या. ठेवीदारांचे मोर्चे निघाले, त्यात पांढऱ्या केसांची माणसं जास्त. त्यानंतर पाळी आली भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट सोसायटीची, म्हणजे बीएचआरची. मुख्यालय जळगावात, शाखा अनेक राज्यांत. २०१५ मध्ये संस्थापक आणि संचालकांना अटक झाली, संस्था अवसायनात निघाली. गोष्ट तिथे संपली नाही. २०२० च्या नोव्हेंबरात पुण्याच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे घातले. आरोप असा होता, की अडकलेल्या ठेवीदारांच्या पावत्या कवडीमोलाने विकत घेऊन त्या पूर्ण किमतीने कर्जदारांच्या कर्जात वळत्या केल्या गेल्या. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. एवढं मात्र सगळ्यांनी पाहिलं, की औषधाला पैसे हवेत म्हणून लाखाची पावती मिळेल त्या भावात विकणारी म्हातारी माणसं होती.

बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, पाच लाखांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी २०२० च्या आधी तो एक लाख होता. २०२१ पासून बँकेवर निर्बंध आले तर हे पैसे नव्वद दिवसांत द्यायचा नियम झाला. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. पाटीवर ‘सहकारी’ दोन्हीकडे लिहिलेलं असतं, आणि निवृत्त ड्रायव्हरने हा फरक ओळखावा अशी अपेक्षा आपण करतो. साधी गोष्ट करता येईल: प्रत्येक पतसंस्थेच्या दारावर, व्याजदराच्या फलकाइतक्याच मोठ्या अक्षरांत, ‘येथील ठेवींना ठेव विमा नाही’ हे लिहिणं सक्तीचं करा. खर्च फक्त रंगाचा. दुसरी गोष्ट केंद्राची. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा २०२३ मध्ये पंधरा लाखांवरून तीस लाख केली, दर ८.२ टक्के आहे. ज्यांच्याकडे तीस लाख आहेत त्यांचं भलं झालं. तीन लाखवाल्याला मर्यादा वाढून काय उपयोग? त्याला व्याज महिन्याला मिळण्याची मुभा द्या. मासिक प्राप्ती योजना आहे, पण तिचा दर ७.४ टक्के. तोच म्हातारा, तोच सरकारी खजिना. दर महिन्याला हवं म्हटलं की सुमारे पाऊण टक्का कमी. हा पाऊण टक्का वाचवून सरकारने किती कमावलं, आणि पतसंस्थांकडे किती माणसं ढकलली?

मुलांनी सांभाळावं, असं कोणी म्हणेल. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे, प्रांताकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही. सांभाळण्याच्या अटीवर घर-शेत मुलाच्या नावे केलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर ते परत घेता येतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ म्हाताऱ्यांच्या बाजूने उदारपणे लावला. माझा अनुभव असा, की आमच्याकडे मुलावर अर्ज करणारी आई हजारात एखादी. आणि तात्यांच्या मुलासारख्या मुलांना न्यायालयात उभं करून मिळणार तरी काय?

प्रवासाचंही बघा. एसटीने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढे प्रवास फुकट केला. आमची म्हातारी माणसं त्यावर खरंच दवाखान्याला जातात. रेल्वेने मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद केली, कारण तेव्हा साथ होती. साथ गेली, सवलत आली नाही. भुसावळसारखं जंक्शन उशाशी असून मुंबईला मोठ्या डॉक्टरकडे जायचं तर पूर्ण तिकीट.

एवढं सगळं एकदम होणार नाही, हे पोस्टात उभी हयात गेलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. म्हणून मला विचाराल तर क्रम असा लावतो. आधी ईपीएसचं किमान पेन्शन वाढवून महागाईला जोडा. आकडा साडेसात हजार की पाच, यावर वाद घाला, पण जोडणं सोडू नका, कारण न जोडलेला कोणताही आकडा दहा वर्षांत बराच झिजतो. त्याच्या जोडीला महिन्याच्या गोळ्या. नंतर श्रावणबाळची २१,००० ची मर्यादा लाडक्या बहिणीच्या बरोबरीला आणा. व्याज आणि पतसंस्थांच्या पाट्या यांना तर पैसाही लागत नाही. नव्या ऑपरेशनांची यादी आणि मोठ्या कार्डांची घोषणा यांना थोडं थांबता येईल. म्हातारपण दर महिन्याला येतं, आणि आपली बहुतेक धोरणं पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या संकटासाठी लिहिलेली आहेत.

पहिल्या गोष्टीला नवा कायदाही लागत नाही. २०१४ चं किमान हजाराचं पेन्शन ऑगस्ट महिन्यातल्या एका सरकारी अधिसूचनेने आलं होतं. पुढचा आकडाही तसाच येऊ शकतो.